एका गादीवर तीन पिढ्या

आमचे अडतीचे दुकान खामगावात आहे. पुढे ओटा, आत गादी, गादीला टेकून तक्क्या, कोपऱ्यात लोखंडी तिजोरी आणि मागे गोदाम. बाजारातल्या कोणत्याही जुन्या दुकानासारखेच. या गावाची बाजारपेठ म्हणून ओळख मोठी. वऱ्हाडचा कापूस वाहून नेता यावा म्हणून जलंबपासून खामगावपर्यंतचा आखूड लोहमार्ग १८७० साली घातला गेला आणि त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. आमचे दुकान अर्थात इतके जुने नाही. आजोबांनी ते थाटले, वडिलांनी वाढवले, आता थोरला भाऊ ते चालवतो. त्याचा मुलगा संगणकावर बिले करतो आणि वहिनी घरून कराची विवरणपत्रे भरते. या घरातली मी एकटीच दुकानाच्या बाहेर पडले आणि बुलढाण्यास शिक्षिकेची नोकरी केली. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते मी काहीसे दुरून पाहिलेले आहे. दुरून पाहणाऱ्याला कधी अधिक दिसते आणि कधी कमी, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सोयाबीनचा हंगाम होता. हर्रास आटोपला, मापे झाली, की शेतकऱ्याला हिशेबपट्टी करून देण्याचे काम बाबांचे. चाळीस वर्षे त्यांनी ते केले. वजन, भाव, हमाली, तोलाई, वजाबाकी, निव्वळ रक्कम, सारे तोंडी. कागद केवळ शेतकऱ्याच्या समाधानासाठी. त्या हंगामात मात्र दहा-बारा दिवसांत तीन पट्ट्या चुकल्या. एकदा ६१ किलोचे ६९ झाले, एकदा नेमके उलटे. नांदुऱ्याकडचा एक शेतकरी दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन परत आला आणि अदबीने म्हणाला, "बाबूजी, एवढं पाहा बरं एकडाव." बाबांनी पाहिले, फरक जागेवर चुकता केला आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

भाऊ भांडखोर नाही. वडिलांना तोंडावर काही म्हणणे त्याला जमले नसते. म्हणून त्याने घरोघरी जे होते तेच केले: गुपचूप दुसरी वही केली. बाबा जे दिवसा लिहीत ते रात्री नातू तपासून दुसऱ्या वहीत उतरवून काढी, आणि खरा हिशेब त्या वहीवरून चाले. दीड महिना हे चालले. मग एके दिवशी तिजोरीत काही शोधताना बाबांच्या हाती ती वही लागली.

ते ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी वही होती तशी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात जाणे बंद केले. "बरं वाटत नाही" एवढेच कारण. सकाळी धोतर नेसून तयार होत आणि घराच्या ओट्यावर बसून राहत. जेवण निम्म्यावर आले. रक्तदाब, जो अनेक वर्षे एका गोळीवर नीट होता, तो वाढलेला मिळू लागला. मला फोनवर भाऊ म्हणाला, "वय झालं आता. शहात्तर म्हणजे काही कमी नाही."

"वय झालं" हे दोन शब्द आपल्या घरांत फार काम करतात. ते उच्चारले की पुढे पाहायचे काही उरत नाही. नोकरदार माणूस ठरलेल्या वयाला निवृत्त होतो, त्याला निरोप मिळतो, हार मिळतो, निवृत्तिवेतनाचा आकडा ठाऊक असतो. गादीवरच्या माणसाला यांतले काही नाही. त्याची निवृत्ती कोणी जाहीर करीत नाही. ती त्याच्या पाठीमागे, एखाद्या दुसऱ्या वहीत होऊन जाते. वर ज्यांनी ती केली तीच माणसे रात्री त्याला वाढायला बसतात, औषध देतात. कचेरीतला राग कचेरीत ठेवून घरी येण्याची सोय एकत्र काम करणाऱ्या कुटुंबाला नसते.

खरी गोष्ट वहिनीच्या लक्षात आली. बाबांना चहा देताना तिने पाहिले की बशीत ओतताना चहाची धार बशीच्या कडेवरून जाते. संध्याकाळी फाटकाशी मोटारसायकल आली की ते डोळ्यांवर हात धरतात. तिने सहज विचारले, "मामंजी, चंद्र कसा दिसतो हो तुम्हांला?" ते म्हणाले, "दोन दिसतात. बरेच दिवस झाले." हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते, आणि डोळ्यांची तक्रार केली तर गादीवरून उठवतील ही भीतीही असावी.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात चांगलाच वाढलेला. आपल्या १ आणि ९ या आकड्यांत फरक तो केवढा? एका शेंड्याचा, एका वळणाचा. धुरकट भिंगातून पिवळट कागदावरचा तो शेंडा दिसत नाही. गणित शाबूत होते, आकडाच चुकीचा आत जात होता. ज्याला आम्ही सारे विसरभोळेपणा समजलो तो धूसर दृष्टीचा परिणाम होता.

मोतीबिंदू "पिकू द्यावा" ही समजूत अजून आपल्याकडे आहे. जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात तिला काही आधार असेल, आज नाही. दैनंदिन कामाला अडचण होऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते; फार पिकवलेला मोतीबिंदू काढायला उलट कठीण जातो. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात, काही आठवडे थेंब घालावे लागतात, आणि सरकारी रुग्णालयांतून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली ही शस्त्रक्रिया मोफतही होते. मात्र लिहिण्या-वाचण्याचे काम करणाऱ्याने डॉक्टरांना आधीच सांगावे की आपल्याला जवळचे अधिक लागते, कारण बसवायच्या भिंगाचा क्रमांक त्यानुसार ठरवता येतो. बाबांनी हे सांगितले नाही. आम्हांलाही सुचले नाही. आता त्यांना ओट्यावरून रस्त्यावरची पाटी चष्म्याशिवाय वाचता येते आणि वहीसाठी चष्मा लागतो. चालायचेच.

डोळ्यांच्या तपासणीसाठी रक्त तपासले तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. दुपारी दोनच्या सुमारास बाबा फार चिडतात, हे हमालांपासून सर्वांना ठाऊक होते. त्या वेळी त्यांच्याकडे कोणी उचल मागायला जात नसे. ते मधुमेहाची गोळी सकाळी आठला घेत आणि हंगामात हर्रास लांबला की जेवण तीनला होई. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवण टळले तर साखर खाली जाते. घाम येतो, हात कापतो, माणूस चिडतो, गोंधळतो, आकडे चुकतात. बोट टोचून साखर पाहण्याचे छोटे यंत्र आणले आणि चिडचिडीच्या वेळी पाहिले तर ती सत्तरच्या खाली. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि मग जेवू घालावे. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी गोळी बदलली. दुकानात बाराला डबा जातो आणि हर्रास कितीही रंगात असला तरी तो उघडला जातो. बाजारात याची थोडी थट्टाही झाली.

त्या दिवसांत मला वारंवार किर्लोस्कर बंधूंची आठवण होई. ज्येष्ठ वाचकांना 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' या मासिकांमुळे हे नाव घरचे वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे ध्यानात आले की काही रंग त्यांच्या डोळ्यांना वेगळे दिसतच नाहीत. रंग न ओळखणाऱ्याने चित्रकार कसे व्हावे? त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची आरेखने शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत तोच विषय शिकवू लागले. तेथे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास थोरल्या भावाकडे आले. भाऊ म्हणजे रामूअण्णा. त्याआधीच दोघांनी सायकलींचा व्यापार सुरू केला होता: लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकीत, शिवाय गिऱ्हाइकाला त्यांवर बसायलाही शिकवीत. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होईल अशा समजुतीमुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत हरळी किती खोल जाते हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या नांगराचे मोल निराळे सांगायला नको.

१९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसली. तेथे या दोन भावांनी कामे वाटून घेतली ती पाहण्यासारखी आहेत. यंत्रे लक्ष्मणरावांची. वसाहत रामूअण्णांची: घरे, रस्ते, पाणी, झाडे, माणसांची राहण्याची व्यवस्था. थोरला भाऊ म्हणून रामूअण्णांनी कारखान्याच्या मुख्य खुर्चीवर हक्क सांगितला असता तर नात्याच्या हिशेबाने कोणी आक्षेप घेतला नसता. पुतणे शंकरराव यांचा कल लेखणीकडे होता. त्यांना लेथवर उभे केले नाही. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि तिच्यातून पुढे त्या मासिकांचा संसार उभा राहिला. त्याच वर्षी कारखाना मर्यादित कंपनी झाला आणि नाव राहिले 'किर्लोस्कर बंधू'. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत शिकून १९२६ साली परतले आणि त्याच वाडीत कामाला लागले.

हे सारे आदर्श कुटुंबाचे चित्र म्हणून मी सांगत नाही. कोणत्याही घराण्यात सारेच दिवस गोड नसतात. याच घराण्याच्या पुढच्या पिढीत २००९ साली लेखी कौटुंबिक समझोता झाला. त्याच्या अर्थावरून भावांत वाद होऊन तो न्यायालयात गेला आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मध्यस्थीचा मार्ग सुचवला. मला त्या जुन्या वाडीतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. तेथे माणसाच्या डोळ्यांकडे, हाताकडे, स्वभावाकडे पाहून काम ठरले. आपल्या दुकानांत उलट होते: काम ठरलेले असते, बाबांनी पट्टी लिहायची आणि मुलाने धावपळ करायची, शरीर बदलले तरी ते काम तसेच राहते, आणि एक दिवस अचानक पूर्ण काढून घेतले जाते. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे.

बाबांचे काय करावे यासाठी आम्ही एका रविवारी बसलो. मी मुद्दाम आग्रह धरला की बैठक दुकानात नको आणि जेवणाच्या पाटावरही नको. शेवटी गच्चीवर बसलो. भावाने दुसऱ्या वहीबद्दल माफी मागितली. मागताना त्याचा आवाज गेला. बाबा म्हणाले, "वही केली त्याचं काही नाही. मला सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, कर." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण पोरानं लिहिलं चांगलं." नातू खाली मान घालून बसला होता.

ठरले ते असे. हिशेबपट्टी संगणकावर निघेल, मोठ्या ठळक आकड्यांत, आणि शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी बाबा ती वाचतील. चूक सापडली तर त्यांचा शब्द अखेरचा. सकाळी नऊ ते साडेअकरा ते गादीवर बसतील. मापावरून किंवा भावावरून तंटा झाला तर तो त्यांच्यापुढे येईल, कारण तीन तालुक्यांतल्या माणसांची नावे, त्यांचे बाप-आजे, कोणाचा शब्द कितपत खरा, हे संगणकात नाही. उन्हाळ्यात, तूर-हरभऱ्याची आवक असली तरी, अकरानंतर ते घरी. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन सांगायला नको. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, अंगातले पाणी आणि क्षार कमी होऊन उठताना चक्कर येते, आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड.

माझ्या मते त्या बैठकीत सर्वांत उशिरा निघालेला आणि सर्वांत आधी निघायला हवा होता तो विषय म्हणजे वहिनीचा. दुकानाची विवरणपत्रे ती भरते, बँकेचे काम ती पाहते, बाबांच्या गोळ्या, थेंब, डबा, साखर मोजणे हेही तिचेच. दुकानाच्या कोणत्याही कागदावर तिचे नाव नव्हते. कौटुंबिक व्यवसायात सून ही बिनपगारी कारकूनही असते आणि बिनपगारी परिचारिकाही, आणि दोन्हींपैकी एकाही कामाला सुटी नाही. तिची पाठ वर्षभर दुखत होती हे त्या गच्चीवर प्रथमच कळले. आता ती भागीदार आहे, महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या खात्यात जाते, आणि थेंब घालण्याचे काम नातवाकडे आले. तो वेळ चुकवतो. मोबाइलवर घंटा लावली आहे, तरीही.

लेखी करण्यावरून थोडी कुरबुर झाली. "घरात कागद कशाला?" हा बाबांचा प्रश्न. पण भागीदारीपत्र, गोदामाची मालकी, बँकेतील वारसनोंद या गोष्टी घरातला ज्येष्ठ माणूस शुद्धीवर, निवांत आणि स्वतःच्या इच्छेने बोलू शकतो तेव्हाच करायच्या असतात. रुग्णालयाच्या खाटेवर नव्हे. ज्येष्ठांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. दुकान वा घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करताना "माझा सांभाळ करावा" ही अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा जो २००७ सालचा कायदा आहे त्याच्या कलम २३ अन्वये, अशी अट मोडली गेली तर तो दस्त रद्द करून मागता येतो. अर्ज न्यायाधिकरणाकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. आमच्यावर ती वेळ येईल असे वाटत नाही. तरी तो क्रमांक बाबांच्या खिशातल्या छोट्या डायरीत मी लिहून दिला आहे, आणि भावाला तो दाखवूनच लिहिला.

स्मरणशक्तीबद्दल दोन शब्द. पैशाच्या व्यवहारात वारंवार चूक होणे हे स्मृतिभ्रंशाचे आरंभीचे लक्षण असू शकते, आणि दुकानदाराच्या घरी ते इतरांपेक्षा आधी दिसते, हे खरे. म्हणून चूक दिसली की झाकू नये. पण त्या निष्कर्षाला येण्यापूर्वी डोळे, कान, साखर, थायरॉइड, ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ आणि चालू असलेल्या साऱ्या गोळ्या तपासून घ्याव्यात. यांतले बरेचसे सुधारण्यासारखे असते. आणि माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी गोंधळून गेला तर ते वय नव्हे. जंतुसंसर्ग, क्षार कमी होणे, पक्षाघात, काहीही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आमच्याकडे डोळे झाले, साखर झाली. कान राहिले. हर्रासाच्या गलबल्यात बाबांना सात, साठ आणि आठ हे तिन्ही सारखेच ऐकू येतात. वयाबरोबर आधी जातात ते असे बारीक, तीक्ष्ण ध्वनी, शिवाय बायकामुलांचे आवाज. माणूस "हो, हो" म्हणू लागतो आणि आपल्याला वाटते त्याला समजले. ऐकू न येणे आणि डोळ्यांचे न तपासलेले दोष हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतात व ते टाळता येण्याजोगे आहेत, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ सालच्या अहवालात नोंदवले आहे. मी हे बाबांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "यंत्र कानात घालून गादीवर बसलो तर व्यापारी हळू बोलायचं सोडतील." म्हणजे व्यापारी आपसांत जे कुजबुजतात ते त्यांना कळते असा त्यांचा दावा. खरे-खोटे देव जाणे.

श्रवणयंत्र आणले आहे. ते तिजोरीत आहे, जेथे पूर्वी दुसरी वही होती. भाऊ म्हणतो राहू दे, आपणहून घालतील. वहिनी म्हणते अजिबात राहू देऊ नका, न वापरलेल्या यंत्राची सवय होत नाही. मला वहिनीचे पटते. पुढच्या आठवड्यात मी खामगावास जाणार आहे. पहिले काही दिवस घरातच, शांत खोलीत, तास-दोन तास घालायचे आणि मग हळूहळू वेळ वाढवायचा, असे तपासणाऱ्यांनी सांगितले आहे. सुरुवात नातवाच्या आवाजापासून करायची, हे बाबांनी स्वतः ठरवले आहे.